प्लॅनेरियाचं तुटलेलं डोकं पुन्हा कसं येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आमच्या घरी दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची दहा-बारा मुलं विज्ञानासाठी जमतात. ओट्याच्या टोकाला, उन्हापासून लांब, काचेचे दोन पसरट वाडगे असतात. त्यांत माझे प्लॅनेरिया राहतात. मुलं आली की दप्तर टाकून आधी तिकडेच धावतात. खालचे प्रश्न त्यांचे आहेत, त्यांच्या आईवडिलांचे आहेत, आणि काही सोसायटीतल्या बागकाम करणाऱ्या मंडळींचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा सावकाश लिहून ठेवली.

प्लॅनेरिया म्हणजे काय? नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

पाण्यात राहणारा एक चपटा कृमी. आणि हो, दिसतो. अर्धा ते दीड सेंटिमीटर लांब, ओल्या चहापत्तीसारखा तपकिरी, आणि इतका चपटा की वाडग्याच्या तळाला चिकटलेला असला तर नवख्याला डागच वाटतो. मग तो डाग सरकायला लागतो. सुरवंटासारखा उचलून-टेकत नाही, तर तेलावरून घसरल्यासारखा सलग. त्याच्या पोटाखाली अगदी बारीक लव असते आणि ती अखंड हलत असते, त्यामुळे ही चाल. डोक्यावर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक दोन काळे नेत्रबिंदू असतात. त्यांना भिंग नाही, चित्र दिसत नाही, पण उजेड कुठून येतोय ते कळतं आणि तो उजेडापासून दूर जातो.

तोंड मात्र डोक्यावर नसतं. ते पोटाच्या मधोमध असतं. कोंबडीच्या काळजाचा दाण्याएवढा तुकडा टाकला की पोटातून एक पांढरी नळी बाहेर येते, ती ग्रसनी. नळीने तो खाणं शोषून घेतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्या अंगातून लालसर आतडं दिसायला लागतं: एक फाटा डोक्याकडे, दोन फाटे शेपटीकडे. भिंगातून हे एकदा पाहिलेलं मूल आतड्याची आकृती पाठ करत बसत नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अलैंगिक प्रजननाच्या भागात पुनर्जननाचं उदाहरण म्हणून येतो, तोच हा.

कृमी म्हणजे जंत ना? मुलांना पोटात होईल का?

नाही. प्लॅनेरिया परजीवी नाही, तो पाण्यात मोकळा जगतो. चपट्या कृमींच्या संघात त्याचे नातेवाईक मात्र आहेत, लिव्हरफ्लूक आणि पट्टकृमी, आणि ते रोग करतात. हात लावल्यावर साबणाने धुवा, एवढं पुरे.

कापल्यावर नेमकं काय काय होतं?

मधोमध आडवा छेद गेला असं धरू. एक तुकडा डोक्याचा, एक शेपटीचा.

पहिल्या काही मिनिटांतच छेदाच्या कडेचे स्नायू आकसतात आणि जखमेचं तोंड आवळलं जातं, पुरचुंडीची दोरी ओढावी तसं. तासाभरात आजूबाजूची त्वचा ताणली जाऊन जखमेवर पातळ पडदा येतो. खपली धरत नाही, व्रण राहत नाही. डोक्याचा तुकडा लगेच काही न घडल्यासारखा सरकायला लागतो. शेपटीचा तुकडाही हलतो, पण जरा दिशाहीन.

साधारण सहा तासांनी अंगभर पेशीविभाजनाची लाट येते. नुसती टाचणी टोचली तरी ही पहिली लाट येतेच. पण दोन दिवसांच्या सुमारास दुसरी लाट येते, ती फक्त जखमेजवळ, आणि शरीराचा तुकडा खरोखर गेलेला असेल तेव्हाच. मला सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ‘लागलं’ आणि ‘गेलं’ यांतला फरक त्या सेंटिमीटरभर जिवाला कळतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छेदाच्या जागी पांढुरका, जवळजवळ पारदर्शक कोंब दिसतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. रंग नसल्यामुळे जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते लख्ख कळतं. शेपटीच्या तुकड्याच्या पुढच्या कोंबावर चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान दोन बारीक टिंबं उमटतात. ते नवे डोळे. वर्गात या दिवशी जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. नव्या डोक्यात मेंदू तयार होतो, तो दोन्ही बाजूंच्या चेतारज्जूंना जोडला जातो, आणि दोन आठवड्यांत एका प्लॅनेरियाचे दोन झालेले असतात. लहानखुरे, पण सगळे अवयव असलेले.

हे नवं शरीर कशापासून बनतं?

निओब्लास्ट नावाच्या मूलपेशींपासून. आपल्या शरीरातही मूलपेशी असतात, पण त्यांची कामं ठरलेली असतात. अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या पेशी बनवतात, त्वचेतल्या त्वचेच्या. प्रौढ माणसाच्या अंगात ‘सांगाल ते बनते’ अशी पेशी शिल्लक राहत नाही. प्लॅनेरियाच्या अंगात मात्र साधारण वीस ते तीस टक्के पेशी निओब्लास्ट असतात, अंगभर पसरलेल्या, आणि विभाजन होऊन वाढणाऱ्या पेशी काय त्या एवढ्याच. बाकीची सगळी पेशीमंडळी झिजते, मरते, आणि तिची जागा निओब्लास्टच्या लेकी घेतात. म्हणजे दुखापत नसतानाही हे शरीर सतत नवं होत असतं. तुटल्यावर जे होतं ते याच रोजच्या कामाचं मोठं रूप.

सगळ्या निओब्लास्ट सारख्या नसतात. काहींनी आधीच ठरवलेलं असतं की आपण डोळ्याच्या होणार, आतड्याच्या होणार. पण काही खरोखर काहीही होऊ शकतात, आणि याचा पुरावा २०११ साली मिळाला. अमेरिकेत पीटर रेडियन यांच्या प्रयोगशाळेत प्लॅनेरियांना इतका किरणोत्सर्ग दिला की त्यांच्या सगळ्या निओब्लास्ट मेल्या. अशा प्लॅनेरियाचं आधी डोकं झडतं, मग अंग पोटाकडे वळून आकसतं आणि काही आठवड्यांत तो संपतो. या मरू घातलेल्या प्राण्यांत दुसऱ्या प्लॅनेरियाची एकच निओब्लास्ट पेशी टोचली. एकच. त्यातल्या काहींत ती रुजली, वाढली, अंगभर पसरली आणि प्राणी वाचला. हळूहळू त्याच्या सगळ्या पेशींच्या जागी तिचाच वंश आला. शरीर जुनं, पण आतला प्रत्येक रहिवासी दात्याच्या घराण्यातला.

पण कुठल्या टोकाला डोकं आणि कुठल्या टोकाला शेपटी, हे कळतं कसं?

हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीने विचारला होता. त्यानंतर तो सुटेपर्यंत मी बरंच वाचलं.

ठाणे स्टेशनवर आपण म्हणतो, ‘मुंबईकडच्या डब्यात ये’, ‘कल्याणकडच्या टोकाला उभा राहा’. गाडीतला कुठलाही डबा घेतला तरी त्याचं एक तोंड मुंबईकडे आणि एक कल्याणकडे असतं. प्लॅनेरियाच्या अंगाचं तसंच आहे. कुठलाही तुकडा कापा, त्याला आपलं ‘डोक्याकडचं’ आणि ‘शेपटीकडचं’ टोक माहीत असतं.

हे माहीत असणं म्हणजे रसायनांचा खेळ. शेपटीकडे व्न्ट नावाच्या प्रथिनांचं प्रमाण जास्त असतं आणि डोक्याकडे जाताना ते कमी होत जातं. व्न्टचा निरोप पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पोहोचवतं. निरोप जोरात असेल तिथे शेपटी, निरोप दबलेला असेल तिथे डोकं. छेद गेला की दोन्ही टोकांना व्न्टचं एक जनुक जागं होतं. पण पुढे तोंड असलेल्या जखमेवर काही तासांत नोटम नावाचं दुसरं जनुकही जागं होतं, आणि ते व्न्टचा आवाज बंद करतं. म्हणून तिथे डोकं.

पडताळा कसा घेतला तेही सांगते. काळजाच्या लगद्यात असे जिवाणू मिसळले की जे विशिष्ट आरएनए तयार करतात. प्लॅनेरिया तो लगदा खातो आणि त्याच्या अंगातलं नेमकं एक जनुक मुकं होतं. २००८ साली बीटा-कॅटेनिन असं मुकं केलं, तर शेपटीच्या जागीही डोकं उगवलं. नोटम मुकं केलं, तर उलट, डोक्याच्या जागी शेपटी आली.

याहून पुढची गोष्ट २०१३ची. डेंड्रोसीलम लॅक्टियम हा युरोपातला पांढरा चपटा कृमी शेपटीच्या तुकड्यापासून डोकं बनवू शकत नाही. जखम भरते आणि गाडी तिथेच थांबते. त्याचं बीटा-कॅटेनिन मुकं केल्यावर त्याच शेपटीच्या तुकड्याला डोकं आलं, चांगलं चालतंबोलतं म्हणावं असं, खाणारं. म्हणजे सामान होतं, कारागीर होते. फक्त एक निरोप वाटेत अडकून बसला होता.

आणि हा पत्ता कोण सांभाळतं? स्नायूंच्या पेशी. अंग हलवण्याबरोबरच ‘तू शरीरात अमुक ठिकाणी आहेस’ ही खूण निओब्लास्टना देण्याचं कामही त्या करतात. स्नायू असंही काम करत असतील हे माझ्या विद्यार्थिदशेत कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तुकड्याला तोंडच नसेल, तर दोन आठवडे तो खातो काय?

काहीच नाही. स्वतःच्याच शरीरावर भागवतो.

डोक्याच्या तुकड्याचं उदाहरण घ्या. ग्रसनी नाही, म्हणजे जेवायचं साधन नाही. त्यामुळे बाहेरून एक कणही आत येत नाही. मग तो आहे त्याच ऐवजातून नवी मांडणी करतो. मूळचं डोकं आता नव्या छोट्या देहाला मोठं पडतं, म्हणून तेही लहान होतं. डोळ्यांतलं अंतर कमी होतं. मध्यभाग नव्याने ठरतो आणि तिथे नवी ग्रसनी बनते. नवा भाग वाढतो आणि जुना भाग त्याच्या मापाला उतरतो, दोन्ही एकाच वेळी. पहिल्यांदा पाहणाऱ्याचं लक्ष कोंबाकडेच असतं. मी मुलांना मुद्दाम जुन्या भागाची लांबी रोज मोजायला सांगते, कारण अर्धं काम तिथे चाललेलं असतं.

उपाशी ठेवलेला, न कापलेला प्लॅनेरियाही असाच लहान होत जातो. तो वाळत नाही, रोडावत नाही. प्रमाण राखून छोटा होतो, आणि खाऊ घातलं की पुन्हा मोठा. महिने महिने तो हे निभावतो.

जास्तीत जास्त किती तुकडे करता येतात?

थॉमस हंट मॉर्गन यांचं नाव फळमाशीच्या गुणसूत्रांसाठी ओळखलं जातं, त्यासाठी त्यांना १९३३ साली नोबेल मिळालं. पण त्याआधी ते प्लॅनेरियात रमले होते. १८९८ साली त्यांनी नोंदवलं की मूळ प्राण्याच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार होतो. हा आकडा इंटरनेटवर ‘२७९ तुकडे केले आणि २७९ प्राणी झाले’ असा फिरतो, ते चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच की इतका लहान तुकडाही जगू शकला.

मर्यादा आहेत. डोळ्यांच्या पुढचं डोक्याचं अगदी टोक आणि ग्रसनी या दोन भागांत निओब्लास्ट नसतात, त्यामुळे त्यांचा सुटा तुकडा पुन्हा उभा राहत नाही.

प्राणी तुकड्यांतून उठतो ही नोंद तशी जुनी, पीटर सायमन पालास यांची १७६६ सालची. मॉर्गननंतरच्या काळात मात्र जनुकशास्त्राची पंगत फळमाशीभोवती बसली आणि प्लॅनेरिया बाजूला पडला. १९९०च्या दशकाअखेरीस आलेहांद्रो सांचेस आल्वाराडो आणि फिलिप न्यूमार्क यांनी बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीवरच्या एका ओसाड कारंज्यातून श्मिट्टिया मेडिटेरेनिया या जातीचे प्लॅनेरिया गोळा केले. त्यातल्या एकाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे करत वाढवलेला वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. शहरातल्या सार्वजनिक कारंज्यातला एक कृमी! मासुंदा तलावाच्या काठावरून जाताना मला हे हमखास आठवतं.

उभा कापला तर? आणि दोन डोक्यांचा खरंच होतो का?

उभा कापला तर डावा तुकडा उजवी बाजू बनवतो आणि उजवा डावी. फक्त डोकं मधोमध चिरलं आणि दोन्ही फाकी जुळू दिल्या नाहीत, तर एकाच धडावर शेजारी शेजारी दोन डोकी येतात. जुळू न देणं मात्र अवघड, कारण जखम भरण्याची घाई तुमच्यापेक्षा त्याला जास्त असते.

दोन टोकांना दोन डोकी, हा प्रकार वेगळा. पट्टकृमी आणि चपट्या कृमींच्या इतर आजारांवर दिलं जाणारं प्राझिक्वांटेल हे औषध जपानी प्लॅनेरियाच्या तुकड्याला दिलं की दोन्ही टोकांना डोकी येतात. पेशींमधली परस्पर देवाणघेवाण थोडा काळ बंद पाडली तरी तसंच होतं. आणि त्याहून चकित करणारं म्हणजे, असा दोन-डोक्या प्लॅनेरिया महिन्यांनी साध्या पाण्यात मधून कापला तर पुन्हा दोन डोक्यांचाच होतो. जनुकांत काहीही बदललेलं नसतं. देहाचा नवा नकाशा पेशींनी आपसांत लक्षात ठेवलेला असतो. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पाच आठवडे राहून आलेल्या पंधरा तुकड्यांपैकी एकाला अशीच दोन डोकी आली होती. एका प्राण्यावरून अवकाशाचा परिणाम सिद्ध होत नाही, एवढं मुलांना मी आवर्जून सांगते.

नव्या डोक्यात जुन्या आठवणी असतात का?

१९५०-६०च्या दशकांत जेम्स मॅककॉनेल यांनी असतात असा दावा केला आणि त्यावर बरीच वर्षं वाद झाला. इतरांना त्यांचे प्रयोग नीट जमेनात. २०१३ साली टॅल शोमरात आणि मायकेल लेव्हिन यांनी यंत्राच्या मदतीने, माणसाचा हात न लावता, प्लॅनेरियांना खरखरीत तळाच्या भांड्यात खाणं शोधायची सवय लावली. मग डोकी कापली. नवी डोकी आल्यावर थोडीशी उजळणी दिली, तेव्हा हे प्लॅनेरिया अशिक्षितांपेक्षा लवकर शिकले. उजळणी द्यावी लागली हे विसरू नका. ‘आठवण शेपटीत असते’ असं विधान मी करणार नाही. पण अनुभवाची काहीतरी खूण मेंदूबाहेर उरते, असा तो प्रयोग सांगतो आणि तेवढंच पुष्कळ आहे.

गांडूळ कापल्यावर दोन गांडुळं होतात, तसंच ना?

नाही, आणि गांडुळांचीही दोन होत नाहीत. हा समज पोरांच्या हातून फार गांडुळं मारतो. गांडुळाचा पुढचा मोठा भाग वाचला तर तो शेपटीची थोडी भरपाई करू शकतो. मागचा तुकडा वळवळतो आणि मरतो.

पालीची शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग दांडी असते. डागडुजी म्हणायची ती. प्लॅनेरिया मूळ अवयव जसाच्या तसा घडवतो.

मग माणसाला हात-पाय का येत नाहीत? कधी येतील का?

या प्रश्नामागे पुष्कळदा घरातलं कुणीतरी असतं. कुणाच्या वडिलांचा पाय मधुमेहात गेलेला, कुणाच्या काकांची बोटं कारखान्यात. त्यामुळे मी इथे जपून बोलते. आज असं कुठलंही औषध, इंजेक्शन किंवा ‘स्टेम सेल थेरपी’ नाही की जी गेलेला हात किंवा पाय उगवून देईल. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपल्याला थोडंफार येतं. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून वजन भरून काढतो, आकार मात्र पहिला होत नाही. लहान मुलांच्या बोटाचं टोक नखाच्या मुळाच्या पुढे तुटलं तर बरंचसं परत येऊ शकतं. बाकी ठिकाणी आपलं शरीर जखम लवकर बंद करण्याला महत्त्व देतं आणि व्रण तयार करतं. शिवाय काहीही बनू शकणाऱ्या पेशी अंगभर मोकळ्या ठेवणं आपल्यासारख्या दीर्घायुषी, मोठ्या देहाच्या प्राण्याला कॅन्सरच्या दृष्टीने महागात पडू शकतं. निओब्लास्ट एवढ्या विभागतात, तरी प्लॅनेरियाचं अंग ताब्यात कसं राहतं, नवा अवयव मापात आला की त्या थांबतात कशा, हे नीट समजलं तर कॅन्सरच्या अभ्यासालाही उपयोग होईल. त्यासाठीच एवढी माणसं या कृमीमागे आयुष्य घालवतात.

भारतात यावर कुठे काम चालतं?

बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत प्लॅनेरियावर संशोधन होतं. आपल्या जवळ म्हणजे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर अनेक वर्षं काम केलं. हायड्राही तुकड्यातून पूर्ण होणारा प्राणी, पण वेगळ्या घराण्यातला.

प्लॅनेरिया अमर आहे का?

अलैंगिक पद्धतीने वाढणारे प्लॅनेरिया म्हातारे होऊन मरत नाहीत असं दिसतं. गुणसूत्रांची टोकं विभाजनागणिक आखूड होतात, पण हे प्राणी ती पुन्हा भरून काढतात. ते शेपटी तळाला घट्ट चिकटवून, डोक्याकडून ओढून स्वतःचे दोन तुकडे करतात आणि संख्या वाढवतात. मात्र उष्णता, क्लोरीन आणि साबण यांपुढे त्यांचं अमरत्व टिकत नाही.

पावसाळ्यात कुंडीत चपट्या डोक्याचा लांब किडा सापडला. हाच का तो?

त्याचा जमिनीवरचा भाऊबंद. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतून आणि खारघरकडून जुलै-ऑगस्टात मला असे फोटो येतात: बुटाच्या नाडीसारखा लांब, पाठीवर गडद रेघा, डोकं अर्धचंद्रासारखं पसरट. तो बायपॅलियम गटातला. तो गांडुळं खातो, म्हणून गांडूळखताच्या पेटीत असेल तर काढावाच लागतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खुरप्याने तुकडे करू नका, कारण तुकड्यांतून नवे होतात आणि शेपटीचे तुकडे सोडत जाणं ही त्याची वाढायची रीतच आहे. आणि उघड्या हाताने धरू नका. या गटातल्या काही जातींत पफर माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन विष सापडलेलं आहे. कागदावर उचलून मिठाच्या पाण्यात टाका. बागेत नुसता जाताना दिसला तर जाऊ द्या.

फिश टँकमध्ये झालेत. काय करू?

खाणं कमी टाका. उरलेलं अन्न साचतं म्हणूनच ते वाढतात. माशांना सहसा त्यांचा त्रास नसतो, कोळंबीची पिल्लं आणि अंडी मात्र खातात. बाजारात सुपारीच्या अर्काची पावडर मिळते. सुपारीतल्या अरेकोलीनने चपटे कृमी लुळे पडतात, कुत्र्यांच्या पट्टकृमीवर ते पूर्वी औषध म्हणून वापरत. ही पावडर गोगलगायींनाही मारते, तेव्हा त्या आधी बाहेर काढा. काचेवर चिरडू नका. का ते आता सांगायला नको.

येऊरच्या ओढ्यातून किंवा तलावातून आणू का?

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून दगडसुद्धा उचलायचा नाही. तलावाच्या आणि ओढ्याच्या पाण्यात पावसाळ्यात लेप्टोची भीती असते, पायाला खरचटलेलं असेल तर अजिबात उतरू नका. माझे प्लॅनेरिया मत्स्यालयासाठी आणलेल्या पाणवनस्पतीच्या मुळांतून आले. ओळखीत कुणाच्या टाकीत असतील तर ते आनंदाने देतील.

घरी सांभाळायचे कसे?

नळाचं पाणी उघड्या भांड्यात दोन दिवस ठेवून मग वापरा. अंधारी, थंड जागा. आठवड्यातून एकदा दाण्याएवढं काळीज किंवा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, आणि खाऊन झाल्यावर दोन तासांत पाणी बदला. उरलेलं खाणं कुजलं की सगळे जातात. भांड्याला साबण कधीच नाही. माझ्याकडून एकदा घाईत वाडगा भांड्यांच्या साबणाने धुतला गेला. चांगला विसळला होता. सकाळी सोळापैकी तीनच जिवंत होते आणि त्या दिवशी मुलांना तोंड दाखवणं जड गेलं. त्या तिघांपासून पुढचे झाले.

मे महिना सर्वांत कठीण. प्रयोगशाळांत त्यांना वीस अंशांच्या आसपास ठेवतात आणि आपल्याकडे स्वयंपाकघर पस्तिशीला टेकतं. मी वाडगा मातीच्या परातीत, ओल्या फडक्यावर ठेवते. फ्रीजमध्ये ठेवू नका.

कापताना त्याला दुखतं का? शाळेच्या प्रकल्पासाठी कापणं बरोबर आहे का?

त्याला मेंदू आहे, चेतातंतू आहेत, आणि टोचलं की तो झटकन आकसतो. आपल्यासारखी वेदना त्याला होते असं म्हणता येत नाही, पण ‘पुन्हा येतंच की’ म्हणून खेळ करणं मला मान्य नाही. माझ्याकडे वर्षातून एकदाच, एकच प्राणी, मोठ्यांच्या हातून कापला जातो. त्याआधी आठवडाभर उपाशी ठेवते, म्हणजे पोटातलं अन्न जखमेतून बाहेर येऊन पाणी नासत नाही. ओला टिपकागद बर्फावर ठेवून त्यावर प्राणी घेतला की तो स्थिर होतो आणि नव्या ब्लेडचा एकच सरळ छेद पुरतो. ब्लेड मुलांच्या हातात नाही.

कापायचंच नसेल तरी चालेल. चांगले पोसलेले प्लॅनेरिया शांत, अंधाऱ्या जागी ठेवले की स्वतःहून दोन होतात. सकाळी वाडग्यात बिनडोक्याची शेपटी दिसली की त्या दिवसाला पहिला दिवस म्हणायचं.

प्रकल्पाच्या वहीत काय लिहायचं? दोन आठवडे पुरतात का?

पुरतात, सोळा-सतरा दिवस हाताशी ठेवा. रोज एकाच वेळी, एकाच भिंगातून पाहा. वाडग्याखाली आलेखाचा कागद ठेवला की लांबी मोजता येते. प्राणी पूर्ण लांब होऊन सरकत असताना मोजा, आकसलेला असताना नाही. जुन्या भागाची लांबी आणि पांढऱ्या कोंबाची लांबी वेगवेगळी लिहा. चित्र पेन्सिलने काढा, मोबाईलचा फोटो असला तरी काढा, कारण डोळ्यांचं टिंब फोटोत दिसण्याआधी चित्र काढणाऱ्याला दिसतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या वहीत ‘दिवस ५, सकाळी ७.१०, उजवा डोळा आला, डावा नाही’ अशी नोंद आहे, आणि तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘संध्याकाळी ६, डावापण’.